जिन्यातला डॉक्टर

कुया, तू गेल्याचं सांगायला तुझ्या बायकोचा, लिगायाचा फोन आला तेव्हा मी झिंडेलफिंगेनला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ट्रे हातात घेऊन रांगेत उभी होते, आणि तुझ्यावर रागावलेली होते. नुसती त्या दिवशी नव्हे, गेला सगळा हिवाळा. माणूस गेला की राग विरघळतो म्हणतात. माझा नाही विरघळला. बाहेर जाऊन रडले, तोंड धुतलं, आणि मनात आलं ते हेच, की निदान उत्तर तरी देऊन जायचंस.

पेपरात तुझा फोटो आणि सगळी पदं छापून आली आहेत. फिलिपिन्सहून आलेला स्त्रीरोगतज्ज्ञ, क्राइसटागचा सभासद, म्हणजे आमच्याकडच्या जिल्हा परिषदेसारख्या सभेत निवडून गेलेला. वाचताना वाटलं, हा कोण सद्गृहस्थ? मला माहीत असलेला माणूस बाळंतिणीच्या वाट्याचे डिंकाचे लाडू खाणारा होता.

ते लाडू सासूबाईंनी नाशिकहून आणले होते. इरा जन्मून जेमतेम दोन दिवस झाले होते, तू राउंडला आलास, आणि त्यांनी डबा तुझ्यापुढे धरला. "अहो डॉक्टर, घ्या ना, संकोच करू नका. तुमच्यामुळे नात बघितली." त्या मराठीत बोलत होत्या, तू जर्मनमध्ये नको म्हणत होतास, आणि तरी दोन लाडू गेलेच. वर मला विचारलंस, यात काय काय असतं. डिंक म्हणजे झाडाचा चीक, हे समजावताना माझे टाके दुखले. "हसू नकोस," तू म्हणालास, "मी नीट शिवलंय, पण विनोदासाठी नाही शिवलेलं."

माझ्या खाटेशेजारच्या खुर्चीत बसून तू मला तुझी उलटी कहाणी सांगितलीस. स्वतःच्या बेटावर तू पुरता डॉक्टर होतास. मग जर्मनीला नर्स हव्या आहेत असं कळलं, तेव्हा डॉक्टर असून नर्सिंग शिकलास आणि इथे नर्स म्हणून आलास. पेशंटची बेल वाजली की धावायचास, बेडपॅन धुवायचास, आणि सुट्टीच्या दिवशी जर्मनमध्ये मानवी शरीर पुन्हा पाठ करायचास. परीक्षा पास होऊन त्याच वॉर्डात पांढरा कोट घालून उभा राहिलास, तेव्हा एका इकडच्या श्वाबिश आजीबाईंनी तुला उशी झटकायला सांगितली. तू झटकलीस. मग सांगितलंस की आता तुमचं पोट तपासतो. ही गोष्ट सांगताना तुझ्या आवाजात कडवटपणाचा लवलेश नव्हता, आणि त्या दिवशी मी तुला मनातल्या मनात भाऊ करून टाकलं. 'कुया' म्हणजे तुमच्याकडे थोरला भाऊ, हे लिगायाने नंतर शिकवलं. मी वयाने कितीतरी लहान, तरी तू मला ताई म्हणायला लागलास. आपण जर्मनमध्ये बोलायचो, अडलं की इंग्रजीत, आणि चिडलो की ज्याने त्याने आपापल्या भाषेत.

बाबा गेले त्या वर्षीचं मी विसरले नाही. तिकीट मिळेना, अंत्यदर्शन हुकलं, मी इथल्या भाड्याच्या घरात भिंतीकडे बघत बसले होते. तू आणि लिगाया भात आणि चिकन घेऊन आलात. माझा नवरा निखिल म्हणाला, आमच्यात या दिवसांत नॉनव्हेज चालत नाही. तुझा चेहरा पडला, आणि दुसऱ्या दिवसापासून नऊ दिवस भात आणि भाज्या. तुमच्यात नऊ दिवस प्रार्थना असते, आमच्यात सुतकात शेजारचे जेवण पाठवतात. त्या नऊ दिवसांत मला चूल पेटवावी लागली नाही. हे सगळं तुझ्या बाजूला जमा आहे, कुया. मी कृतघ्न नाही. म्हणून तर इतकं लागलं.

आता भांडणाकडे येते.

तुझा काका तुमच्या गावी डॉक्टर होता आणि मग मेयर झाला. "आमच्याकडे डॉक्टरचे हात थरथरायला लागले की तो निवडणुकीला उभा राहतो," तू सांगायचास. बाळंतपण फुकट करायचं, आणि मतदानाच्या आधी त्या घरी जाऊन बाळाच्या डोक्यावर हात ठेवायचा. मागायचं काहीच नाही, नुसता हात ठेवायचा. उपकार विसरणारा माणूस तुमच्याकडे माणसात जमा नसतो. काकाची ही नक्कल तू अशी करायचास की इरासुद्धा हसायची. आणि शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, पेशंटकडून मत घेणारा डॉक्टर दोनदा फी घेतो.

हे तुझंच वाक्य. मी त्यात काना-मात्रा बदललेली नाही.

तोवर तू हॉस्पिटल सोडून गावातल्या निवृत्त झालेल्या स्त्रीरोगतज्ज्ञाचा दवाखाना घेतला होतास. आपल्या छोट्या हॉस्पिटलातला क्राइसझाल, म्हणजे बाळंतपणाचा विभाग, बंद करायच्या गोष्टी तेव्हा सुरू झाल्या. इरा जिथे जन्मली तो. गाव पेटून उठलं. स्थानिक गटाने तुला क्राइसटागसाठी उमेदवारी दिली, पण यादीत नाव घातलं पार तळाला, शोभेला. तू हसत म्हणालास, "गेनाऊ, अगदी बरोबर, फोटोत एक रंगीत माणूस हवा होता." मला मात्र राग आला आणि मी पदर खोचला.

इथल्या मतपत्रिकेची गंमत तूच मला समजावली होतीस. ती आधी घरी पोस्टाने येते, चादरीएवढी. एकाच उमेदवाराच्या नावापुढे तीनपर्यंत मतं लिहिता येतात, त्यामुळे तळाचा माणूस वर येऊ शकतो. मी आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर, जर्मन नागरिक झालेल्यांसाठी, व्हॉइस मेसेज टाकले. रविवारी आमच्याकडे पोहे आणि मतपत्रिकेचा क्लास. "हे बघा, डॉक्टरांच्या नावापुढे तीन. थ्री. द्राय. पेन ज्याचं त्याने धरायचं, मी हात लावणार नाही." मंडळातल्या सविताने एवढं मनावर घेतलं की कोणी नाराज नको म्हणून प्रत्येक नावापुढे तीन लिहून आली. एकूण मतं मोजकीच असतात, तिचं मत बाद. "अगं, बाकीच्यांना काय वाटेल?" ती म्हणाली. लिगायाने फिलिपिनो नर्सेसचा असाच क्लास घेतला, पोह्यांच्या जागी पान्सितच्या शेवया.

आणि माझं स्वतःचं मत. ते द्यायला मला जर्मन व्हावं लागलं. खोटं कशाला बोलू, कधीतरी झालेच असते, इराच्या शाळेसाठी, रोजच्या कटकटींसाठी. पण दोन वर्षं टाळत होते, आणि निवडणुकीच्या आधी अर्ज केला तो तुझ्यासाठी. तुमचा देश दोन पासपोर्ट ठेवू देतो, आमचा देत नाही. निखिल त्यावेळी दौऱ्यावर होता म्हणून म्युनिकच्या कॉन्सुलेटला तू माझ्याबरोबर ट्रेनने आलास. काउंटरवरच्या बाईने माझ्या निळ्या पासपोर्टवर रद्दचा शिक्का मारला, तेव्हा तू माझ्या मागे उभा होतास. बाहेर येऊन मला ब्रेत्सेल, इथला तो पीळ दिलेला खारा पाव, घेऊन दिलंस आणि म्हणालास, "ताई, मी जिंकलो तरी याची भरपाई होणार नाही." ब्रेत्सेल खाऊन मी म्हणाले, तू तो क्राइसझाल वाचव, फिट्टंफाट.

शेवटी ती सभा. गावच्या फेस्टहालेत, म्हणजे सणसमारंभांच्या हॉलमध्ये, बिअरच्या बाकांवर लोक दाटीवाटीने बसलेले. मी माझी गोष्ट सांगितली. कशा कळा सुरू झाल्या, इराचे ठोके कसे मंदावत गेले, भूल देताना तुझा चेहरा माझ्यावर वाकलेला कसा दिसला. मी पुरती बेशुद्ध होते, तेव्हा पुढचं मला निखिलकडून कळलेलं. तो बाहेर उभा होता. दार उघडलं, तू बाहेर आलास आणि म्हणालास, "ती श्वास घेतेय." मी सांगितलं, हे हॉस्पिटल दहा मिनिटांवर नसतं आणि हा डॉक्टर तिथे नसता, तर ही मुलगी आज इथे नसती. इरा तुझ्या मांडीवर बसली होती. आज्या रुमाल काढून रडत होत्या. तू मान खाली घातली होतीस. मला वाटलं, विनय.

ती गोष्ट मी पुढे आणखी बऱ्याच ठिकाणी सांगितली. दर वेळी जरा रंगवून. दर वेळी तू मान खाली घातलीस.

तळातून तू वर आलास. क्राइसटागमध्ये गेलास. गंगेत घोडं न्हालं म्हणून मी पेढे केले, कंडेन्स्ड मिल्कचे, पण केले.

क्राइसटागमधल्या मतदानाच्या दिवशी मी अर्धी सुट्टी काढून लांड्राट्सआम्टच्या, म्हणजे जिल्हा कचेरीच्या, सभागृहात प्रेक्षकांत बसले होते. शाळेला सुट्टी होती, म्हणून इराला घेऊन गेले. म्हटलं, बघू दे, आपला माणूस कसा लढतो ते. ठराव क्राइसझाल बंद करण्याचा होता. बाजूने कोण, असं विचारलं गेलं आणि हात वर होत गेले. तुझाही झाला. इरा मला जर्मनमध्ये म्हणाली, "ममा, त्याला प्रश्न नीट कळला नाही का?" मीसुद्धा क्षणभर तेच धरून बसले, की याला कळलं नसेल, आता हात खाली घेईल. हात वरच होता. तू आमच्याकडे बघितलं नाहीस. आम्ही कुठे बसलोय ते तुला चांगलं माहीत होतं.

बाहेर पार्किंगमध्ये मी तुला गाठलं. इरा माझा हात धरून होती.

"का?" मी विचारलं.

"ताई, तिथे मुलांचा डॉक्टर नाही. सुईणी मिळत नाहीत. एक दिवस काहीतरी होणार."

"इराच्या वेळी नाही झालं! इरा तिथेच वाचली!"

तू गाडीच्या चाकाकडे बघितलंस. मग म्हणालास, "इराला मी नाही वाचवलं. मी तुझं पोट शिवत होतो, तुझा रक्तस्राव थांबत नव्हता. इरा निळी होती. शेजारच्या खोलीतलं बाळ तपासायला मुलांचा डॉक्टर बाहेरगावाहून आला होता, त्याचं काम संपलं होतं. कोट घालून जिना उतरत होता. सुईण धावली आणि तिने त्याला जिन्यात पकडलं. त्याने तिला श्वास दिला. ताई, तो खाली गाडीत बसला असता तर..." तू इराकडे बघितलंस.

मी इराला जवळ ओढलं. तरी बाईचं डोकं बघ, त्यातही मला दुसरंच दिसलं. "म्हणजे तुला हे पहिल्यापासून माहीत होतं. मी फेस्टहालेत उभी राहिले तेव्हाही. मग मला बोलू का दिलंस?"

"आल्झो, ताई..." तू म्हणालास.

पुढे काही नाही. नुसतं 'आल्झो'. इथला माणूस बोलायला सुरुवात करताना म्हणतो ते. मी वाट बघितली. तू तोंड उघडलंस, मिटलंस. इरा म्हणाली थंडी वाजतेय. आमची बस आली आणि मी मुलीला ओढत निघून गेले.

तेच मी ऐकलेलं तुझं शेवटचं वाक्य, आणि ते वाक्यही नव्हे.

नंतर तू मेसेज केलास, ताई, बोलू या का. मी वाचला आणि ठेवून दिला. इराच्या वाढदिवसाला लिगायाच्या हाती पान्सित पाठवलंस, लांब शेवया म्हणजे लांब आयुष्य. इराने खाल्लं. मी त्याला हात लावला नाही. मला वाटत होतं, आधी नीट कबूल करू दे, मग बघू. वसंतात बघू. तू आपला दुपारी दवाखान्यात, दोन पेशंटच्या मधे, खुर्चीत बसल्या बसल्या गेलास.

तू हात वर केलास त्याबद्दल मी तुला केव्हाच माफ केलं असतं. तू बरोबर असशील. मी गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिते, मला काय कळतं क्राइसझाल चालवायला काय लागतं. कदाचित बंद करणंच शहाणपणाचं होतं. पण मग निवडणुकीत ते सांगायचंस. निदान मला, घरी, पोहे खाता खाता. "ताई, गोष्ट अशी नाहीये, सांगू नकोस," एवढं एक वाक्य. तू हातचं राखून बसलास. ज्या गोष्टीतून क्राइसझाल बंद व्हायला हवा असं निघत होतं, तीच गोष्ट तू मला तो वाचवायला सांगू दिलीस, कारण तिने आज्या रडत होत्या आणि मतं मिळत होती. आमच्यात म्हण आहे, गरज सरो, वैद्य मरो. लोक ती पेशंटला उद्देशून म्हणतात. इथे वैद्याचीच गरज सरली होती. तुझा काका बाळाच्या डोक्यावर हात ठेवायचा. तू तेवढंही केलं नाहीस. नुसती मान खाली घातलीस, आणि बाळाच्या आईने तुझं काम केलं.

आणि माझ्या मुलीचा जन्म. ती माझी सगळ्यात जवळची गोष्ट होती, कुया. दर वाढदिवसाला मी ती इराला सांगायचे. ती तू मला खोटी करून दिलीस. गंमत म्हणजे इराला त्याचं काहीच वाटलं नाही. पार्किंगमध्ये सगळं ऐकलं होतं तिने. यंदाच्या वाढदिवसाला म्हणाली, आता माझ्या गोष्टीत एक माणूस वाढला. तिला तो कोट घातलेला माणूस फारच आवडलाय. त्याच्याकडे छत्री होती का, असं विचारत होती.

परवा शनिवारी फेस्टहालेत तुझी शोकसभा झाली. तीच बिअरची बाकं, या वेळी वर कॉफी आणि वेणीसारखा गुंफलेला गोड पाव. तुमच्या गटाचे अध्यक्ष माझ्याजवळ आले. "तुमची गोष्ट सांगाल ना? तुमच्यासारखी कोणी सांगत नाही." पहिल्या रांगेत लिगाया होती. तिच्या शेजारी मनिलाहून आलेली तुझी म्हातारी आई, तिच्यासाठी एक नर्स वाकून भाषांतर करत होती.

मी ठरवून गेले होते, कुया. खरं सांगणार होते. सगळं, जिन्यासकट. तुझा हिशेब भर सभेत चुकता करणार होते. मी कळांपासून सुरुवात केली. ठोके मंदावले. भुलीच्या आधी तुझा चेहरा. मग बघितलं, तुझ्या आईने दोन्ही हात छातीशी धरले होते आणि ती माझ्या तोंडाकडे अशी बघत होती, जणू तुला मी परत आणणार आहे. मागच्या आज्यांनी रुमाल काढले होते. सगळा हॉल त्या दाराशी येऊन थांबला होता. आणि मी म्हणाले, "दार उघडलं, ते बाहेर आले आणि म्हणाले, ती श्वास घेतेय."

खाली बसले. लोक रडत होते. तुझ्या आईने माझे हात धरले आणि कपाळाला लावले.

घरी जायला आम्ही बसस्टॉपकडे निघालो. मग तिने जर्मनमध्ये विचारलं, "ममा, तू जिन्यातला डॉक्टर का नाही सांगितलास?"

"लोक रडत होते ना, राणी. कुयाची आई बसली होती समोर."

ती थांबली. मराठी तिला सगळं कळतं पण बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "मग?" म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं. "आल्झो..." म्हणाले, आणि ती माझ्याकडे बघत उभी राहिली, बस येईपर्यंत.